हातची कॉइल

११ जानेवारी

आज कॉइल गुंडाळायचं यंत्र आलं. या वहीत फक्त यंत्राबद्दल लिहायचं ठरवलं आहे. कोणत्या जाडीची तार घातली, कुठे अडलं, कसं सोडवलं, एवढंच. घरचं-दारचं यात येणार नाही. उद्या कुणी विचारलं की या माणसानं हा धंदा कसा वाढवला, तर नीट सांगता यायला हवं.

यंत्र मागच्या खोलीत बसवलं. नव्या फ्लॅटमध्ये जाईपर्यंत आम्ही याच खोलीत राहायचो. पुढे मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मागे संसार. खिडकीखाली हिचं स्टूल असायचं. उजेड तिथेच चांगला, म्हणून यंत्रही तिथेच. स्टूल दाराशी सरकवलं. त्यावर वार्निशचे डबे छान मावतात.

बसवायला कंपनीचा माणूस आला होता, गळ्यात ओळखपत्र लटकवून. मलाच शिकवायला लागला. मी म्हटलं, "साहेब, सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. जळक्या मोटारी उलगडत उलगडत हे काम शिकलोय. तुम्ही नुसते बोल्ट आवळा." तारेचं रीळ कुठे आणि कसं ठेवायचं यावरून आमचं थोडं वाजलं. शेवटी माझ्याच पद्धतीनं ठेवलं. ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "मला दाखवता का, कसं चालतं ते?"

म्हटलं, "अगं, आता तू हातसुद्धा लावायची गरज नाही. खूप केलंस. आता आराम कर."

काही बोलली नाही. आनंदानंसुद्धा माणूस गप्प होतो.

१६ जानेवारी

पंख्याच्या कॉइली उत्तम निघाल्या. वेढ्यावर वेढा चढत नाही, तार कुठे सैल नाही. मायक्रोमीटर लावून पाहिलं, चूक काढायला जागा नाही. जे करायला हिची सकाळ जायची ते चहा निवायच्या आत होतं. खरं तेच लिहायचं, तर हिच्या हातच्या कॉइलीपेक्षा यंत्राची सरस आहे. हिची कॉइलही काही कमी नव्हती. ओठातल्या ओठात वेढे मोजत गुंडाळायची. मध्येच बायका मिक्सर दुरुस्तीला घेऊन आल्या की त्यांच्याशी बोलायचीसुद्धा, पण मोजणी चुकायची नाही. त्या बायका आता मिक्सर ठेवून लगेच जातात. दुकानात गर्दी कमी, काम जास्त. असंच हवं होतं.

शेजारचा कुलूपवाला यंत्र बघायला आला. याला प्रत्येक गोष्टीत तोंड घालायचंच असतं. म्हणाला, "वहिनींना रिटायर केलंस होय? हार नाही, भाषण नाही, असंच?"

मी म्हटलं, "रिटायर व्हायला आधी नोकरी लागते. ती मदत करायची."

"वीस-बावीस वर्षं मदत? माझ्या दुकानात कुणी वीस मिनिटं करत नाही!"

हसलो दोघं.

२ फेब्रुवारी

जाड तारेला यंत्र झकास चालतं. बारीक तार तुटते. केसाएवढी तार असली की सुरू करताच तट्. चारदा जोडली, चारदा तुटली. तार विकणाऱ्याला फोन करून झापलं. तो म्हणतो, हीच तार बाकी सगळे वापरतात. बाकी सगळ्यांचं मला सांगू नकोस, म्हटलं.

एक गोष्ट यंत्राची नाही, तरी लिहितो. ही हल्ली मी निघेपर्यंत उठत नाही. आराम कर म्हटलं होतं, पण इतका मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

बारीक तारेचं दुसरं रीळ आणलं. तेही तुटतं.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. मजल्यावर तीन दारं, तिन्हींना बाहेरचं बघायचं भिंग. भिंग आहे म्हणून दार उघडायची वेळच येत नाही. हवा चांगली, पाणी चोवीस तास, धूळ नाही. लेकीनं आग्रह करून घ्यायला लावला. "बाबा, आईनं किती वर्षं त्या वार्निशच्या वासात झोपायचं?" मुद्दा बरोबर होता. मी हिच्यासाठी पाय वर होणारी खुर्ची आणली. ती खुर्चीत बसत नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडते.

मी सांगतो, फिरून ये, टीव्ही लाव, चांगलं ऐक, चांगलं वाच. सगळं सांगून झालं. "हो," म्हणते. तिच्या "हो"ला नुसता आवाज आहे, पुढे काही नाही.

लेकीचा फोन. "बाबा, आईला काय झालंय? मी बोलते आणि ती नुसती हं हं करते."

"अशक्तपणा आहे. टॉनिक आणलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं अशक्तपणा आहे?"

"दिसतं ना! डोळे आहेत मला."

८ मार्च

मीच विचार करून उपाय काढला. जेवणाचा डबा लावला. धुण्याभांड्याला बाई ठेवली. आता हिला घरात एकही काम उरलेलं नाही. मोटार गरम होत असेल तर आधी तिच्यावरचा बोजा काढायचा, हे कुणीही सांगेल. डब्यातलं अर्धंच खाते. ब्लाउज खांद्यावरून घसरतो. केस विंचरलेले नसतात. ही बाई दुकानात यायची तेव्हा हातभर वार्निश असायचं, पण वेणी कशी चोपून घातलेली.

बाजूला बसून विचारलं, "कुणी काही बोललं का? माझं काही चुकलं का?"

म्हणाली, "नाही हो. तुम्ही किती करता!"

डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडण्यासारखं मी काहीच विचारलं नव्हतं. चिडलो थोडा. आवाज चढला. मग दुकानात निघून आलो आणि तीच मोटार दोनदा उघडली.

१९ मार्च

जे झालं ते क्रमानं लिहितो.

दुपारी चष्मा विसरला म्हणून घरी गेलो. बेल वाजवली. परत वाजवली. आत कुणी दाराजवळ येत नाही. माझ्या किल्लीनं कुलूप फिरलं, पण आतून कडी. हाका मारल्या. जळका वास येत होता. समोरचं दार फटीएवढं उघडून परत बंद झालं. मी कुलूपवाल्याला फोन केला. तो चपला न घालता आला. चार मजले चढून धापा टाकत होता, तरी एक शब्द बोलला नाही. पातळ पट्टी घालून त्यानं कडी सरकवली.

ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, ओट्याला पाठ लावून. चहाचं भांडं आटून काळं झालेलं, खाली गॅस चालूच. मी आधी गॅस बंद केला. मग ओरडलो, "ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं," ती म्हणाली. "उठता येईना."

पाय बघितले. पाय ठीक होते.

कुलूपवाल्यानं कडी हातात घेऊन उगाच उलटसुलट केली. मग मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, तुमची काही चूक नाही. ही कडीच भिकार. बिल्डरनं स्वस्तात मारलीय. उद्या बदलून देतो, फुकट. तुमच्या नवऱ्याकडून घेईन पैसे."

ती जराशी हसली की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

जिन्यात मी त्याला म्हटलं, "कडीला काय झालं होतं?"

"कडीला काय होतंय!" तो म्हणाला. "अरे, महिन्यातून दोन-तीन दारं उघडतो मी अशी. कुलूप ठणठणीत, कडी ठणठणीत. आत माणूस असतं, दार उघडत नसतं. कधी म्हातारा, कधी तरणाताठा, कधी चांगली शिकलेली बाई. मी दर वेळी कडीचंच नाव घेतो." आणि पायरीवर थांबून म्हणाला, "डॉक्टरला दाखव. टॉनिक बास झालं."

टॉनिकचं याला कुणी सांगितलं?

२३ मार्च

लेक रात्रभर प्रवास करून आली. तिनंच मोठ्या दवाखान्यात वेळ घेतली. मनाच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं, तिकडे वेडी माणसं जातात. ती म्हणाली, "मग चला तुम्हीपण."

बाहेरच्या बाकावर जागा नाही इतकी माणसं. मी ओळखीचं कुणी आहे का ते बघत होतो, म्हणजे लपता आलं असतं. तर समोर पंपवाला ठेकेदार! हा माणूस माझ्या दुकानात येतो तेव्हा रस्त्याला कळतं. पंप एक दिवस उशिरा झाला तर टेबलावर मूठ आपटतो. तो फाईल मांडीवर घेऊन शाळेतल्या मुलासारखा बसला होता. मला बघितलं, सरकला, शेजारी हात थोपटून म्हणाला, "बसा. इथे उशीर लागतो."

मी म्हटलं, "मिसेसना दाखवायला आणलंय. अशक्तपणा."

"मी स्वतःलाच आणलंय," तो म्हणाला. "मंगळवारी कधी पंप मागायला आलोय मी? नाही ना? तेव्हा इथे असतो." मग हिच्याकडे वळून हळू आवाजात, "वहिनी, गोळ्यांनी पहिले दोन आठवडे काही फरक वाटत नाही. सोडू नका."

ठेकेदाराला इतक्या हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई लेकीपेक्षाही लहान दिसतात. मला वाटलं होतं रक्त काढतील, छातीचा फोटो काढतील. यांचे प्रश्न जनगणनेचे. घर कधी बदललं? शेजारी कोण? दिवसभरात कुणाकुणाशी बोलणं होतं? झोप? भूक? घरात आजारपण, पैशाची अडचण, कुणाचं दारू पिणं, मारहाण? शेवटचं ऐकून मी उठणारच होतो. लेकीनं बसवलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना विचारते, काका."

"आधी काय काम करायच्या?"

"काम काही नाही. घरीच," मी म्हटलं.

"कॉइल," ही म्हणाली.

"काय?"

"मी कॉइल गुंडाळायचे. मोटारीच्या."

मी खुलासा केला की ती मदत करायची, आणि आता यंत्र घेतल्यामुळे तिला तो त्रास नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हिला विचारलं, "जगण्याचा कंटाळा येतो का?"

"छे छे," म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"येतो," ही म्हणाली. "सकाळी येतो. संध्याकाळी जरा कमी होतो."

भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर ठेकेदार नव्हता, त्याचा नंबर लागला होता. त्याच्या जागेवर बसलो.

२४ मार्च

त्या आजाराला नैराश्य म्हणतात. मला वाटायचं नैराश्य परीक्षेत नापास झालेल्यांना येतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं की नेमकं कशानं झालं ते सांगा. मोटार जळली तर कुठली कॉइल जळली ते मी दाखवू शकतो. त्या म्हणाल्या, बहुतेकदा एका कारणानं होत नाही. एकटेपणा, हातचं काम जाणं, घर बदलणं, कुणाला तरी सांभाळत राहणं, पैशाची ओढाताण, अशी बरीच कारणं साचत जातात. कुणाला त्याच्यातून होतं, कुणाला होत नाही. बायकांमध्ये जास्त सापडतं, पण पुरुष दाखवायलाच येत नाहीत हेही आहे. मी म्हटलं, "असे किती असतील?" तर म्हणाल्या, "बाकावर पाहिलेत ना? जे येत नाहीत ते त्याहून जास्त."

मनात सगळी यादी लावून पाहिली. आमच्याकडे पैशाची ओढाताण नाही, दारू नाही, मारहाण नाही. घर बदललं, पण चांगल्या घरात बदललं. हातचं काम गेलं, पण ते त्रासाचं काम होतं. बसत नाही कुठे. गोळ्या मात्र वेळेवर देतो आहे. गोळीची वेळ चुकवणारा माणूस मी नव्हे.

गॅलरीला आज जाळी बसवली. चौकट स्वतः कापली, कोपरे काटकोनात. ही बघत होती. "कशाला?" म्हणाली.

"कबुतरांसाठी."

"हं," ती म्हणाली. "चौथ्या मजल्यावर कबुतरं फार."

मी उरलेले स्क्रू मोजत बसलो. ते मोजायची काही गरज नव्हती.

६ एप्रिल

लेक परत गेली. जाताना दारात म्हणाली, "बाबा, आईला काही सांगू नका हं."

"म्हणजे?"

"म्हणजे फिरून ये, हे कर, ते कर. डॉक्टर म्हणाल्यात ना, सल्ले नकोत. नुसतं बसा. तुमचं काहीतरी बोला."

माझं काय बोलणार? मला मोटारीशिवाय काही बोलता येत नाही, हे आज चहा घेऊन बसल्यावर कळलं. इतकी वर्षं आम्ही दिवसभर बोलायचो असं मला वाटत होतं. आठवून पाहिलं तर ते सगळं दुकानातलं होतं. "ती तार दे", "वार्निश वाळलं का", "त्या बाईचा मिक्सर झाला का". दुकान काढून घेतलं तर काय उरतं, मला माहीत नाही.

११ एप्रिल

रोज संध्याकाळी मोटारीचंच सांगतो. आज कुणाचा पंप आला, आत उंदरानं कशी तार कुरतडली, ठेकेदार कसा ओरडला. हो, दुकानात तो पुन्हा पहिल्यासारखाच ओरडतो. जाताना मात्र विचारून गेला, "वहिनी गोळ्या घेतात ना?"

ही ऐकते की नाही कळत नाही. आज मध्येच म्हणाली, "आणि त्या लाँड्रीवालीचा मिक्सर?" मी म्हटलं झाला, नेला तिनं. "ती माझी चौकशी करत होती का?" हिनं विचारलं. करत होती. दर वेळी करते. मी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

१९ एप्रिल

आज बोलायला काही नव्हतं. दिवसभर बारीक तार तुटत होती. अडीच महिने झाले, बारीक कामाच्या मोटारी मी परत पाठवतो आहे आणि हे कुणाला सांगितलेलं नाही. तेच सांगून टाकलं. यंत्र नालायक, तार नालायक, कंपनी नालायक.

ही भिंतीकडे तोंड करून होती. तिकडूनच म्हणाली, "रीळ फिरतं ठेवलंय ना तुम्ही?"

"मग? फिरल्याशिवाय तार सुटणार कशी?"

"बारीक तारेचं रीळ फिरवायचं नाही. जमिनीवर उभं ठेवायचं. तार वरून निघते. जड रीळ एकदम फिरायला लागलं की झटका बसतो."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तो माणूस सांगत होता, बसवायला आलेला. तुम्ही त्याच्याशी भांडत होतात. मी चहा घेऊन उभी होते."

मी म्हटलं, त्या माणसाला काय कळतं.

२० एप्रिल

दुकान उघडायच्या आधी शटर अर्धं खाली ठेवून करून पाहिलं. रीळ उभं केलं. तार वरून घेतली. तुटली नाही. पूर्ण कॉइल निघाली. परत केली. परत निघाली.

हिला सांगितलं नाही. आधी खात्री करायला हवी.

२२ एप्रिल

खात्री झाली. तरी संध्याकाळी आधी दुसरंच काहीतरी बोललो. मग म्हटलं, "ते रिळाचं, जमलं."

"जमणारच," ती म्हणाली.

यात इतकं छातीठोक बोलण्यासारखं काय होतं? पण उठून बसली आणि केस बांधले.

२९ एप्रिल

वाईट दिवस. काही खाल्लं नाही, अंघोळ नाही. मला वाटलं होतं आता हे वर-वरच जाईल. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर म्हणाल्या असं वर-खाली होत राहणार, गोळ्या बंद करू नका, भेटायला या. दुकान बंद ठेवून दिवसभर घरी बसलो. सल्ला दिला नाही. फार वेळा जिभेवर आला. संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही का बसलात इथे?"

"बसलोय असाच."

"काम नाही?"

"आहे. होईल."

मग तिनं खिडकी उघडायला सांगितली.

८ मे

आज अकराच्या सुमारास दुकानात मान वर केली, तर दारात ही. एकटी आली होती. वेणी घातलेली, पण चप्पल घरातलीच. कुलूपवाल्यानं आधी पाहिलं. ओरडला, "अरे व्वा! मालकीणबाई! आता माझा हिशेब कोण बुडवतोय ते बघतो. तुमचा नवरा कडीचे पैसे देत नाही!"

"किती झाले?" ही म्हणाली.

"तुमच्याकडून नाही घेणार. त्याच्याकडून दुप्पट घेणार."

ती आत आली. यंत्राजवळ उभी राहिली. मी मोटारीच्या तारा सोडवत होतो, सोडवतच राहिलो. जास्त काही दाखवायचं नाही, असं ठरवलं होतं. तिनं रीळ बघितलं, उभं आहे ना ते. मग म्हणाली, "मला दाखवता का, कसं चालतं ते?"

हेच वाक्य मी आधी ऐकलंय असं वाटलं, पण कधी ते आठवेना.

दाखवलं. एकदाच दाखवावं लागलं. बटण तिनंच दाबलं. कॉइल निघाली ती तिनं हातात घेऊन, वजन बघावं तशी थोडी वरखाली केली. "छान करतं की," म्हणाली. मग इकडेतिकडे पाहिलं. बसायला जागा नव्हती.

वार्निशचे डबे खाली ठेवले. स्टूल खिडकीपाशी आणलं. त्यावर डब्यांच्या बुडाची गोल गोल डाग पडले आहेत, थिनरनं घासले, निघाले नाहीत. शेवटी वर जाड कागद घातला, तारांमध्ये भरतो तोच, आणि नीट कडेनं कापून बसवला. ती बसली. एक कॉइल केली, दुसरी अर्धी ठेवली. दमले म्हणाली. मी घरी सोडून आलो. लाँड्रीवालीच्या दारात थांबली होती थोडा वेळ, काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही.

गोळ्या लागू पडत आहेत असं दिसतं.

अर्धी कॉइल यंत्रावर तशीच ठेवली आहे. ते काम उद्या द्यायचं आहे आणि मला पूर्ण करायला चहा निवण्याएवढाही वेळ लागणार नाही. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, परवा या.